तळहातावरचा थेंब

राधाच्या कमरेची गाठ शैलाने सकाळपासून चौथ्यांदा तपासली. सासूबाईंच्या जुन्या लुगड्याची ती पट्टी. एक टोक अडीच वर्षांच्या पोरीच्या कमरेला, दुसरं खिडकीच्या गजाला. शेगड्यांच्या बरोबर दोन हात अलीकडे पोर अडायची. ती लांबी शैलाने स्वतः मापून ठरवली होती, आणि तरी रोज उठून तिला वाटे, रात्रीतून कापड ताणलं तर नसेल?

"वासरू बांधावं तशी पोर बांधतेस गो," चाळीतल्या बायका म्हणत. म्हणोत बापड्या. दोन पेटत्या शेगड्या, खाणावळीच्या चाळीस माणसांची आमटी आणि परळच्या चाळीतल्या दोन खोल्या, यात पोर मोकळी सोडून बघा म्हणावं.

नवऱ्याचं, रामदासचं, कार्ड तिच्या पोलक्यात होतं. पेन्सिलीच्या चार ओळी. 'मी खुशाल आहे. राधाला शेगडीपासून जप. आईला जप. दादाला भेटून ये.' कार्ड ठाण्याच्या तुरुंगातून आलं होतं. मुंबई महाराष्ट्राला देणार नाही हे जानेवारीत जाहीर झालं, गिरणगाव रस्त्यावर उतरलं, गोळ्या चालल्या, संचारबंदी लागली. आणि तिसऱ्या दिवशी रामदासला पत्रकांच्या गठ्ठ्यासकट भोईवाड्याच्या नाक्यावरून उचललं. त्याला आता तीन आठवडे होत आले. संचारबंदी उठली, गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजू लागले, पण रस्त्याने पोलिसांची लॉरी गेली की अजून चाळीतली दारं आपोआप लोटली जात.

आज जगदीशदादा यायचे होते. रामदासचे थोरले भाऊ. राहायला गिरगावात, नोकरी फोर्टातल्या कचेरीत. दहा दिवसांपूर्वी सासूबाई, कमलाबाई, शेगडीपुढे चक्कर येऊन पडल्या, डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितला, तेव्हापासून दादांचा एकच निरोप होता : रविवारी येतो, कायमचं काय ते ठरवून टाकू. कायमचं म्हणजे काय, ते निरोपात नव्हतं. शैलाने त्या एका शब्दापायी आठवडाभर झोप घालवली होती.

"मसाला लागेल," मागून कमलाबाई म्हणाल्या.

त्या दाराशी पाटावर बसल्या होत्या, धुरापासून लांब. शैलाने घाईने टोपात डाव घातला. मसाला खरोखरच तळाला धरू लागला होता.

"वास आला वाटतं, आई?"

"तुझी पाठ दिसली. डाव थांबलेला." कमलाबाईंनी नाकावरून पदर ओढला. "माझं नाक चोंदलंय केव्हाचं."

नाक चोंदलेलं होतं हे खरं. परवा त्यांच्या शेजारी दूध उतू जाऊन करपलं, खोली धुराने भरली, तरी त्या तांदूळ निवडत राहिल्या. शैलाच्या पोटात तेव्हापासून आणखी एक काळजी जाऊन बसली होती. काळज्यांना तिच्या पोटात जागेची कधी वानवा पडली नाही.

जगदीश आणि दमयंती अकराच्या सुमाराला आले. दमयंतीवहिनींच्या हातात मोगऱ्याची पुडी आणि कपाळावर आठी. आठी आधी दिसली. जगदीशने टोपी खुंटीला अडकवली आणि वडिलांच्या, शामरावांच्या, तसबिरीखालची खुर्ची घेतली. ती रामदासची खुर्ची. दुसरी खुर्चीच नव्हती, दादा तरी काय करणार. पण शैलाला ते बोचलं.

"मी सरळच बोलतो," जगदीश म्हणाला. "आईला धूर सोसत नाही. रामदास कधी सुटेल ते देवाला ठाऊक. तेव्हा खाणावळ शांतीमावशीकडे द्यायची. हिची मावशी. लालबागला तिच्याकडे तीस माणूस जेवतं, तिला जागा पुरत नाही. मंगळवारी येऊन ती खोली बघेल. शैला, तू राधाला घेऊन कुडाळला काकांकडे जा. आई आमच्याकडे येईल."

"आमच्याकडे?" मोगऱ्याची पुडी सोडता सोडता दमयंती थांबली. "आई कुडाळला जाणार म्हणाला होतात ना?"

"कुडाळला डॉक्टर आहे का?"

"डॉक्टर नसला तरी हवा आहे. आपल्याकडे दीड खोली. त्यात तुमची भजनाची पेटी."

"पेटीवर झोपेन मी," कमलाबाई दाराशी बसूनच म्हणाल्या. "तू नको काळजी करू गो."

दमयंतीने जीभ चावली. जगदीशने घसा खाकरला. शैला टोपात कोकमाची सोलं टाकत होती, एक, दोन, तीन, आणि तिच्या मनात एकच चित्र उभं होतं : रामदास तुरुंगातून सुटून जिना चढतोय, दार वाजवतोय, आणि दार शांतीमावशी उघडतेय.

"दादा, ते सुटून आले तर..."

"सुटला की कळवेलच तो. मग बघू पुढचं." जगदीश वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या मागे त्याने कचेरीतली वर्षं अंगरखा फाटेपर्यंत रेटली होती आणि घराचं ओझं म्हणजे आपलंच ओझं असं तो धरून चालत असे. "हे बघ, तुला बोल लावत नाही मी. इंटर झालेली मुलगी तू, मास्तरांची. भांडी घासलीस, भाकऱ्या थापल्यास, कुरकुर केली नाहीस. पण ही खाणावळ चालते आईच्या जिभेवर. तीस वर्षं. ती जीभ उठली की चौथ्या दिवशी माणसं दुसरीकडे पाट शोधतील."

शैलालाही तसंच वाटत होतं.

तीस वर्षांपूर्वी शामरावांचा पंजा मागात सापडला, तेव्हा कमलाबाईंनी गावच्या आठ माणसांना जेवू घालायला सुरुवात केली. तेव्हापासूनचा रिवाज होता. टोप उतरवला की पहिला थेंब त्या तळहातावर घ्यायच्या, जिभेने टिपायच्या आणि काय कमी, काय जास्त ते सांगायच्या. मग पंगत बसली की दुसरा थेंब. तो चौकटीत उभं राहून, सगळ्यांदेखत. तो चाखून त्या म्हणायच्या, "वाढा." त्या शब्दाशिवाय ताटात शीत पडत नसे. एकदा लग्नाच्या नवलाईत शैलाने आधीच भात वाढला होता, तर जुना जेवणारा गुणाजी ताटासमोर हात जोडून बसून राहिला, भाताची वाफ गेली तरी.

चार वर्षं शैला तो पहिला थेंब पुढे करत आली होती. कॉलेजात परीक्षेचा पेपर देताना तिचे हात जितके गार पडले नसतील तितके इथे पडत. सासूबाईंना टोप दाखवण्याआधी ती पाच-पाच वेळा चाखून बघे. आणि त्या थेंब टिपताना आमटीकडे बघतच नसत. त्यांचे डोळे सुनेच्या तोंडावर असत. शैलाला वाटे, झडती आहे ही.

खाली लॉरीचा आवाज आला.

चाळीचा आवाज एकदम खाली बसला. कुणीतरी "व्हॅन! व्हॅन!" ओरडलं, पटापट दारं लोटली गेली. जगदीश खिडकीशी गेला. शैलाने वळून बघितलं, तर गजाला लुगड्याची पट्टी लोंबत होती आणि पट्टीच्या टोकाला राधा नव्हती.

"राधी!"

ती कशी धावली ते तिला पुढे आठवेना. गॅलरी, पाण्याचं पिंप, जिन्याचं तोंड. तिसऱ्या पायरीवर राधा बसली होती, उतरणाऱ्या, खाणावळीतल्या बुधाजीची चप्पल दोन्ही हातांनी धरून, आणि बुधाजी एका पायावर उभा राहून विनवत होता, "दे गो बाय माझी, दे." लॉरी न थांबता शिवडीच्या बाजूला निघून गेली होती.

शैला पोरीला घेऊन आत आली आणि थेट शेगडीकडे वळली. दमयंतीने पुढे होऊन राधाला घेतलं. "दे इकडे. तू बस जरा. पांढरीफटक झालीस."

"बसून कसं चालेल, वहिनी? बांगडे सोडायचेत."

तिने बांगडे सोडले, तिरफळं ठेचून टाकली, झाकण ठेवलं, उकळी बघितली, टोप उतरवला. सगळं हातांनी केलं. मन अजून तिसऱ्या पायरीवर होतं. मग रोजच्यासारखा डाव घेऊन ती दाराशी गेली. कमलाबाईंनी तळहात पुढे केला, थेंब टिपला, सुनेच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बरी झालीय," त्या म्हणाल्या. "ठेव झाकून."

शैलाने सुस्कारा सोडला. परत येताना डावातला ओघळ तिच्या मनगटावर आला, आणि पुसायला फडकं जवळ नव्हतं म्हणून तिने तो जिभेने टिपला.

मीठ नव्हतं.

कमी नव्हे, नव्हतंच. पहिल्यांदा तिला वाटलं, भीतीने आपलीच जीभ गेली. तिने भाताचं शीत तोंडात टाकलं, पाणी प्यायलं, पुन्हा आमटी घेतली. सोलाचा आंबटपणा होता, मिरची होती, तिरफळाचा झणका होता, आणि मिठाच्या जागी नुसता खड्डा. डब्यातली वाटी जशीच्या तशी होती. राधाच्या धावपळीत ती मीठ घालायचंच विसरली होती.

आणि सासूबाई म्हणाल्या, बरी झालीय.

तिने दीड मूठ मीठ टोपात सोडलं, अलगद, डबा वाजू न देता, आणि डाव फिरवत राहिली. डावाबरोबर एकेक गोष्ट वर येऊ लागली. करपलेलं दूध. "तूच वास घे, माझं नाक चोंदलंय." खोबरं खवट आहे का ते दरवेळी तिला विचारणं. गणपतीच्या आधी कमलाबाईंना आठ दिवस ताप आला होता; त्यानंतर त्यांनी विड्यातला कात बंद केला, म्हणाल्या, मन उडालं.

कमलाबाई तांब्या घेऊन मोरीकडे चालल्या होत्या. जाताना त्यांनी नुसती मान हलवली. शैला मागोमाग गेली. आतल्या खोलीच्या कोपऱ्यातली मोरी, कमरेएवढी भिंत. बाहेर दादा-वहिनींचं चाललेलं ऐकू येत होतं. कमलाबाईंनी पिंपाचा नळ सोडला, पाण्याच्या आवाजासाठी.

"मीठ टाकलंस."

"हो."

"किती?"

"दीड मूठ."

"म्हणजे नव्हतंच." कमलाबाईंनी भिंतीला हात टेकला. मुंबईत तीस वर्षं काढून त्या इथली भाषा बोलत, पण जीव गोळा झाला की मालवणी वर येई. "माका चव नाय, शैले. गणपतीच्या तापापासून. वास पण नाय. जिभेवर काय ठेवलं तरी माती."

शैला जवळ सरकली. "अहो, पण परवा तुम्ही म्हणालात सोलं कमी आहेत. आणि कमीच होती. मीच मोजून कमी टाकली होती, बरणी संपत आली म्हणून."

"तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाले."

"माझ्या?"

"काय राहिलं असलं की तू डाव्या हाताने पदर पिळतेस. तिखट जास्त झालं की घागरीकडे बघतेस. सगळं जमलं की तुझे खांदे उतरतात, मग मी म्हणते बरी झालीय." त्यांनी तोंडावरून ओला हात फिरवला. "शाळा नाय बघितली मी, पण तेवढं वाचता येतं. आज तू सकाळपासून पदर पिळत होतीस. खाली लॉरी, इथे जगदीश, पोर जिन्यात. मी काय म्हणून वाचू?"

पाणी वाहत होतं. शैलाला आपल्या डाव्या हाताकडे बघवेना. पदराचं टोक त्या मुठीत होतं.

पाच महिने. दोन वेळचे चाळीस पाट. भिंत आहे म्हणून पाठ टेकून बसावं आणि पाच महिन्यांनी वळून बघावं तर मागे भिंतच नाही, तसं तिला झालं. पडलो कसे नाही आपण? तिला अभिमान वगैरे काही वाटला नाही. गेलेल्या एकेका जेवणाची भीती आता मागाहून वाटू लागली. गौरीचं जेवण. दिवाळीचे वडे. संचारबंदीत चार दिवस घरात असेल त्यावर काढलेली पेज, वर फक्त सुकट. जेवणारे बोटं चाटत होते आणि कमलाबाईंचं नाव घेत होते, आणि ती मागे उभी राहून सासूबाईंच्या जिभेला मनातून हात जोडत होती.

"जगदीशला सांगू नको," कमलाबाई म्हणाल्या. इतका बारीक आवाज शैलाने त्यांचा कधी ऐकला नव्हता. "त्याला कळलं तर आजच मला उचलून नेईल. आणि गुणाजी नि ती सगळी... तीस वर्षं माझ्या शब्दाशिवाय जेवली नाहीत. ती हसतील गो."

आपली बाजू मांडायला शैलाजवळ आज पहिल्यांदाच काही होतं. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य तिने पाण्याबरोबर जाऊ दिलं.

"नाही सांगणार, आई."

दोघी बाहेर आल्या तेव्हा गुणाजी आलेला होता. खाणावळीतला सगळ्यात जुना जेवणारा; गिरणीच्या साचेखात्यातली नोकरी, मिशा पांढऱ्या, आणि गावकऱ्यांच्या गाळ्यात राहणाऱ्या सगळ्यांच्या वतीने बोलायचा त्याचा मान. बाकीचे गॅलरीत आणि बाहेरच्या खोलीत पाट टाकत होते. जगदीशने त्याला मुद्दाम बोलावलं होतं, जेवणाऱ्यांचा होकार घ्यायला.

"शांतीबाई लालबागची?" गुणाजीने मिशीवरून बोट फिरवलं. "नाव ऐकून आहे. तिच्याकडे आमटी पातळ, पण माणूस बरं. कमलावहिनी काय म्हणतात?"

कमलाबाई आपल्या तळहाताकडे बघत होत्या.

"मी चालवीन," शैला म्हणाली.

आवाज आपला आहे हे तिला जरा उशिराने कळलं.

जगदीश हसला, कुत्सित नव्हे, लहान मुलीला हसावं तसं. "अगं, चाळीस माणसांचं आहे हे. तुला सुचतंय तरी काय काय लागतं?"

"लागतं ते रोज घरात येतंच आहे, दादा. शिवडीची कोळीण सात वाजता पाटी आणते. कल्ला उचलून बघितल्याशिवाय मी मासा घेत नाही, म्हणून ती मला फौजदारीण म्हणते. धोंडूभाऊ रातपाळीला असले की त्यांना सोल चालत नाही, छातीत जळतं, त्यांची वाटी मी आधी काढते. बुधाजीभाऊंची दाढ हलतेय, महिना झाला त्यांची भाकरी मी मऊ असतानाच पंच्यात बांधून ठेवते. महादेव तिसरी भाकरी मागत नाही तेव्हा त्याला ताप असतो, तो सांगत नाही. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात मीच त्याला दवाखान्यात पाठवला..."

ती थांबली. हे सगळं आपल्याला कधी येऊ लागलं? कुणी शिकवलं नव्हतं, कुठे लिहून ठेवलं नव्हतं. काळजी करता करता ते साठत गेलं होतं. आणि ती चार वर्षं समजत होती की आपण नुसती काळजीच करतोय.

बाहेरून बुधाजीचा आवाज आला, "आयला, म्हणून माझी भाकरी मऊ!" कुणीतरी हसलं. "गप रे," गुणाजी म्हणाला.

"हे सगळं खरं," जगदीशची कानशिलं तापली होती. "पण चव? चव आईची आहे. शैला, वाईट वाटून घेऊ नको. कॉलेजात मीठ किती घालायचं ते शिकवत नाहीत."

आजच्याच दिवशी हे वाक्य! शैलाने खाली बघितलं. शेजारी कमलाबाईंचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला.

"जगदीशराव," गुणाजी सावकाश म्हणाला, "हात बदलला की आम्हाला चौथ्या घासाला कळतं. गणपतीपासून बदललाय."

जगदीशने आईकडे बघितलं.

"वहिनी तिरफळ अख्खं टाकायच्या. झणका यायचा, पण दाताखाली आलं की डोळ्याला पाणी. गणपतीपासून बी काढून ठेचलेलं येतं. आमटी साऱ्या अंगाने लागते. पहिले दोन दिवस धोंडू म्हणाला, ही काय नवी तऱ्हा. तिसऱ्या दिवशी त्यानेच भात मागून घेतला." त्याने कमलाबाईंकडे बघून हात जोडले. "आम्ही बोललो नाय. वहिनींनी सुनेला हाताखाली तयार केली असं समजलो. त्यांच्या नावानेच जेवलो, पुढेही जेवू."

"बी मी राधासाठी काढत होते," शैला पुटपुटली. "घशात अडकेल म्हणून."

दमयंतीने राधाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "मी मावशीला सांगते, मंगळवारी येऊ नको. शैला आहे, आई दाराशी बसून बघतील. आणि धूर म्हणाल तर शेगड्या गॅलरीच्या बाजूला सरकवा. धूर अडवायला एक लाकडी फळी तुम्हाला नाही का ठोकता येत?"

"तू कुणाच्या बाजूने बोलतेस?"

"मी पेटीच्या बाजूने बोलतेय," दमयंती म्हणाली. "तुमच्या भजनाच्या."

कमलाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. जगदीश मात्र हसला नाही. तो खुर्चीतून उठला, खिडकीतून बाहेर बघून परत फिरला. "रामदास सुटेपर्यंत," तो म्हणाला. "तोवर मी दर रविवारी येऊन बघणार. एक जरी माणूस कमी झालं तरी मी म्हणेन तसं करायचं. चालेल?"

"चालेल," शैला म्हणाली, आणि लगेच तिच्या पोटात चाळीस नव्या काळज्या पाट टाकून बसल्या.

पंगत बसली. बाहेरच्या खोलीत दोन रांगा, गॅलरीत एक. ताटं मांडली, पाण्याची भांडी भरली. सगळ्यांचे डोळे चौकटीकडे लागले. शैलाने डाव भरला आणि रोजच्यासारखी सासूबाईंच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिली. तिने तोंड शांत ठेवलं, खांदे उतरवले. मीठ बरोबर आहे, हे त्यांना नीट वाचता यावं म्हणून.

कमलाबाईंनी तळहात पुढे केला नाही.

त्यांनी लुगड्याचा घोळ सावरला, उंबरा ओलांडला, आणि गुणाजी नि बुधाजी यांच्या मधल्या जागेत स्वतःच्या हाताने पाट टाकला. तीस वर्षांत त्या खोलीत त्या कधी पंगतीला बसल्या नव्हत्या. बुधाजी अंग चोरून बाजूला सरकला.

"आई?" जगदीश म्हणाला.

"डॉक्टरने धूर वर्ज्य सांगितलाय. जेवण नाय," कमलाबाई म्हणाल्या. "भूक लागली. आजपासून ती सांगेल तेव्हा वाढायचं."

शैला चौकटीत एकटी उभी राहिली. तिने सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं. एखादी भुवई, मानेची एखादी खूण, काहीतरी. कमलाबाई रिकाम्या ताटात खाली बघत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, आणि मुद्दामच करत नव्हत्या हे शैलाला कळलं.

तिने डावातला थेंब आपल्या तळहातावर घेतला. गरम होता. तो टिपून ती थांबली. मीठ जागेवर होतं. तिरफळ होतं. पण मीठ मागाहून पडल्यामुळे आंबट मागे सरलं होतं, किंचित. चाळीसात दोघांना कळलं असतं, कदाचित एकट्या गुणाजीला.

जगदीश तिच्याकडे बघत होता. चाळीस माणसं बघत होती. कुणीतरी भुकेने पाण्याचं भांडं वाजवलं.

"जरा थांबा," शैला म्हणाली.

ती आत गेली. टोप पुन्हा शेगडीवर चढवला, दोन सोलं चुरून टाकली, आणि उकळी येईपर्यंत उभी राहिली. उकळीला वेळ लागला. बाहेर कुजबुज सुरू झाली, राधा "आयी, भूक" म्हणून रडू लागली, जगदीशने एकदा घसा खाकरला. डावा हात पदराकडे निघाला होता. त्या हाताने तिने टोपाचा कान धरला, फडक्याशिवाय, आणि चटका बसल्यावर सोडला.

मग तिने पुन्हा तळहातावर थेंब घेतला, चौकटीत आली, आणि कुणाच्याच तोंडाकडे न बघता म्हणाली,

"वाढा."